वरच्या पट्टीत काही नाही

आमच्या घराची मागची भिंत आणि अंगणवाडीची भिंत एकच होती. त्यामुळे सकाळ म्हणजे तीसेक पोरांचा गलका, असंच मला कॉलेजात जाईपर्यंत वाटायचं. आई त्या अंगणवाडीची सेविका. तिकडे खिचडीला फोडणी बसली की वास आमच्या घरात यायचा, आणि इकडे बाबांनी सुके झिंगे भाजायला घेतले की पलीकडची पोरं नाक धरून ओरडायची, "बाई, तुमच्या घरी झिंगे!" मग आई तिकडूनच भिंतीवर हात मारायची, म्हणजे कढईवर झाकण टाका. बाबा राइस मिलमध्ये हमाल होते. मिल बंद असली की चूल त्यांच्या ताब्यात. लाखोळीची डाळ भिजवून, जाडसर वाटून वडे करावेत तर त्यांनीच. तसे वडे मला पुन्हा कुठे मिळाले नाहीत आणि मला स्वतःला तर जमतच नाहीत. दुपारी अंगणवाडी सुटली की आई छपरीत शिलाई मशीनवर बसायची. झंपर, उशांचे अभ्रे, शाळेची दप्तरं, लोक देतील ते ती शिवायची. सुई मोडली की मशीनलाच शिव्या द्यायची, दोरा संपला की मला हाक मारायची. दिवसभरात या घरात शांतता अशी नव्हतीच, आणि मला ती लागायचीही नाही.

मी साकोलीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले, कॉम्प्युटर घेऊन. आमच्या घरात, घरातच कशाला, आईच्या आणि बाबांच्या सगळ्या नातलगांत पदवीचा कागद आणणारी मी पहिली. बाबांनी तो कागद काच लावून भिंतीवरच्या दोन तसबिरींच्या शेजारी टांगला. मी म्हटलं, तिथे नको, बरं दिसत नाही. ते म्हणाले, "त्यायच्याच पुण्याईनं आली न थे? मंग राहू दे तिथंच." हे मी मिरवायला सांगत नाही, म्हणजे थोडं मिरवायलाही सांगते. पण त्याचा पुढच्या गोष्टीशी संबंध आहे. तो कागद लागल्यापासून गावात कुणाचा फोन अडला, कुणाचा फॉर्म अडला की लोक म्हणायचे, वैशूले विचार. नोकरी मिळत नव्हती, पण मान मिळत होता. आणि मी त्या मानाला चटावले होते. एखादी गोष्ट मला येत नसली तरी मी "थांबा, बघते" म्हणायचे. "येत नाही" असं म्हणायचं माझ्या तोंडाला वळणच नव्हतं.

त्या वर्षी सेविकांना सरकारी फोन मिळाले. रजिस्टरं बंद होणार, पोरांची हजेरी, वजन, आहार, सगळं त्यातल्या एका अॅपमध्ये भरायचं. पर्यवेक्षिका मॅडमनी फोन वाटताना आधी सांगितलं ते एवढंच, की हा सरकारी माल आहे, फुटला तर तुम्ही जाणा. अॅपबद्दल दीड तास शिकवलं, त्यात पाऊण तास पासवर्ड टाकण्यात गेला. आई फोन घरी घेऊन आली ती दोन्ही हातांत, नवजात लेकरू आणावं तशी. तिला शिकण्याची भीती नव्हती, फोडण्याची होती. त्याच दुपारी तिने बाबांकडून मिलमधला जुन्या ताडपत्रीचा तुकडा मागवला, आतून मऊ सुती लुगडं लावलं आणि फोनला कव्हर शिवायला बसली. पुढे पडद्यापुरती खिडकी, मागे कॅमेऱ्यापुरतं भोक, खाली चार्जरसाठी फट, आणि गळ्यात अडकवायला नाडी. फोन काढता-घालतानाच पडतो म्हणून वरचं तोंड शिवून टाकायचं तिने ठरवलं. शिवणीला धरायला कापड हवं, म्हणून खिडकीच्या वरच्या बाजूने बोटभर पट्टी पडद्यावर येणार होती. तिने खडूने खूण केली आणि मला हाक मारली.

"वैशू, इथपर्यंत झाकलं तं चालते का? पाहून सांग. मंग मी उसवत बसणार नाही."

मी अॅप उघडून बघितलं. पहिल्याच पानावर वर एक निळी पट्टी, त्यात बोधचिन्ह आणि अॅपचं नाव. मी म्हटलं, "चालते. वरच्या पट्टीत काही नाही."

हे चार शब्द मी किती सहज बोलले होते, ते मला आजही ऐकू येतं. तेव्हा मी पेरू खात होते.

ते कव्हर पुढच्या बैठकीत मॅडमना इतकं आवडलं, की त्यांनी आईला सगळ्यांसमोर उभं केलं. आठवडाभरात आमच्या बीटमधल्या, म्हणजे मॅडमच्या हाताखालच्या गावांतल्या, सगळ्या सेविकांचे फोन आमच्या छपरीत येऊन ताडपत्रीत शिवले गेले. आईच्या मापाने, माझ्या शब्दावर. फोन भाताच्या बांधीत पडला तरी काही होणार नाही, असं आई सांगायची, आणि ते खरंच होतं. बॅटरी किती उरली ते मात्र दिसत नसे, घड्याळही दिसत नसे. बायका म्हणायच्या, अचानक बंद पडते जी फोन. मी म्हणायचे, रोज सकाळी चार्ज करत जा. माझ्याकडे उत्तर तयार असायचं.

दर रविवारी समाजमंदिराच्या ओट्यावर मी त्या बायकांना अॅप शिकवू लागले. मला कुणी नेमलं नव्हतं. पण एकेक बाई सात-आठ किलोमीटर सायकल हाणत येऊन "वैशू, हे काय झालं पाह्य" म्हणत उभी राहायची, तेव्हा मला कुठल्याही नोकरीपेक्षा ते मोठं वाटायचं. मॅडमना जे ठाऊक नव्हतं ते मी आईच्या फोनवर चाचपून शोधून काढलं होतं. पोराच्या नावावर बोट दाबून धरलं की कालची हजेरी आजच्या तारखेत उतरते. यादी बोटाने खाली ओढली की नवीन भरलेलं दिसतं. तोवर बायका अॅप बंद करून पुन्हा पासवर्ड टाकत बसायच्या. अक्षरं टाइप करायला नको, कोपऱ्यातल्या माइकवर बोट ठेवून बोललं की नाव लिहिलं जातं. यातलं काहीच पडद्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं. पुष्पाबाई म्हणून एक सेविका होत्या, आईच्या मैत्रीण, नाकात फुली, आवाज लाउडस्पीकरचा. त्यांना माइक दाखवला तर त्या फोनकडे संशयाने बघत राहिल्या.

"हे इतकं सोपं होतं, तं लपवून काहून ठेवलं वो? चोरीचा माल आहे का?"

"लपवलं नाही मावशी. तिथंच आहे. माहीत पाहिजे."

"माहीत पाहिजे म्हणजेच लपवलं. माझ्या घरी पाव्हणा आला, अन् त्याले पाणी पाह्यजे, तं मी काय म्हणू? माठ घरातच आहे, हुडका?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण पुष्पाबाई बरोबर होत्या आणि मला त्याचा राग यायचा. त्यांचा नाही, जे कोण कुठे एसीत बसून हे बनवत होते त्यांचा. आज मी नागपूरला एका कंपनीत अशीच कामं करते, सॉफ्टवेअर लोकांच्या हातात देण्याआधी तपासण्याची. तिथे मला कळलं की ही बटणं कुणी दुष्टपणाने लपवत नाही. पडदा स्वच्छ दिसावा म्हणून लपवतात. बैठकीत कुणीतरी म्हणतं, फार गर्दी झाली, हे आत टाका. आणि ते आत जातं. मी दरवेळी विचारते, आत म्हणजे कुठे, आणि बाईला कसं कळणार? दरवेळी सगळे माझ्याकडे अशा चेहऱ्याने बघतात, की ही पुन्हा सुरू झाली.

तर, धान निघालं, चुरणं म्हणजे मळणी झाली, आणि दरवर्षीसारखी घरं बंद व्हायला लागली. आमच्याकडून बरीच माणसं तिकडे तेलंगणात मिरची तोडायला जातात, पोरंबाळं घेऊन. अंगणवाडीतली सहा पोरं गेली. पूर्वी आई रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे "मिरचीवर" असं लिहायची आणि होळीनंतर पोरं परत आली की पुढच्या रकान्यात वजन चालू. अॅपमध्ये तसं काही नव्हतं. महिन्याचं वजन भरलं नाही की पोराचं नाव लाल व्हायचं. बैठकीत मॅडम लाल नावं वाचून दाखवायच्या. आईने वीस-बावीस वर्षांत एक वजन खोटं लिहिलं नव्हतं, आणि तिचं नाव आता लाल यादीत सगळ्यात वर.

"बाई, मुलं कुठे आहेत?" मॅडम विचारायच्या.

"मिरचीवर गेले, मॅडम."

"मग तसं भरा."

"कुठी भरू?"

"अॅपमध्ये भरा." मॅडमनाही ठाऊक नव्हतं, हे मला आता कळतं. त्यांनाही "येत नाही" म्हणायचं वळण नव्हतं.

काही बायकांनी मागच्या महिन्याचंच वजन पुन्हा टाकायला सुरुवात केली. आई तयार नव्हती. "तिकडं पोरगं वाळून राहिलं, की भरून राहिलं, मले काय माहीत? मी कशी लिहू?" मग ती माझ्याकडे वळली. "तू पाह्य न. असंल कुठीतरी. तुले सापडते."

मी आठ दिवस शोधलं. प्रत्येक बटण दाबलं, धरून दाबलं, दोन बोटांनी दाबलं, डावीकडे सरकवलं, उजवीकडे सरकवलं. एक "नाव वगळा" तेवढं सापडलं. ते दाबलं की कारण विचारायचं, आणि पहिलं कारण आधीच निवडलेलं असायचं: मृत्यू. आईने ते वाचून फोन खाली ठेवला आणि हात पदराला पुसले. दुसरं कारण होतं, कायमचे गाव सोडले. तिसरं नव्हतंच. मी हेल्पलाइनला फोन लावला. अंगणात, छपरीच्या खांबाला टेकून, भर दुपारी, पंचवीस मिनिटं गाणं ऐकल्यावर एक पोरगा बोलला.

"मैडम, बच्चे के पेज पे जाइए, तीन डॉट दबाइए, उसमें टेम्पररी माइग्रेशन है।"

"तीन डॉट नहीं है, भैया।"

"होते हैं मैडम। सबके होते हैं।"

"मैं कंप्यूटर ग्रैजुएट हूँ। मेरे को मत सिखाओ। नहीं है, मतलब नहीं है।"

"ऐप अपडेट कर लीजिए, मैडम।"

अपडेट केलं. पोराचं पान उघडलं. खिडकीतून दिसेल तेवढं सगळं पुन्हा बघितलं. नव्हतं. तो पोरगा वर म्हणाला असता, फक्त "ऊपर" एवढा एक शब्द, तर मी कापड उचकून बघितलं असतं, असं मी कितीदा स्वतःला सांगितलंय. पण खरं म्हणजे मी त्याला बोलूच दिलं नव्हतं. आणि वरच्या पट्टीत काही नाही हे माझ्या डोक्यात पक्कं होतं, कारण ते मीच ठरवलं होतं. मी वेगळाच अर्थ लावला. म्हटलं, यांनी शहरांना नवीन अॅप दिलं आणि आम्हाला जुनं, उरलेलं. असं करतात लोक आमच्याशी. याची मला लहानपणापासून इतकी ओळख होती, की मी पुढे चौकशीच केली नाही. जिल्ह्याच्या कार्यालयाला दोन पानी अर्ज लिहिला. "ग्रामीण भागातील सेविकांना अपूर्ण आवृत्ती देऊन त्यांच्यावर अन्याय होत आहे", वगैरे. बाबांनी तो मिलमध्ये नेऊन सगळ्यांना वाचून दाखवला. "पोट्टीनं सरकारची चुकी काढली," म्हणाले.

पुढच्या रविवारी मी ओट्यावर उभी राहून सांगितलं, "आपल्या अॅपमध्ये असा पर्याय नाही. मी पूर्ण पाहिलं. खोटं वजन भरू नका. नाव वगळा, दुसरं कारण निवडा. पोरं आली की पुन्हा भरू." पुष्पाबाईंनी विचारलं, "पक्कं न वं?" मी म्हटलं, पक्कं. त्या दिवशी ओट्यावर बसून बायकांनी आपापल्या मिरचीवर गेलेल्या पोरांची नावं वगळली. आईने सगळ्यात शेवटी. सहावं नाव आरोही होतं, पाचेक घरं सोडून राहणाऱ्या दुर्गाची दोन वर्षांची पोरगी, जन्मापासून वजनात मागे. आई दर महिन्याला तिला दोनदा काट्याच्या झोळीत बसवायची. त्या नावावर आईचं बोट थांबलं. "हिचं लाल राहू दे," ती म्हणाली. मी म्हटलं, "आई, एका नावासाठी पुन्हा उभं करतील तुले." मग तिने दाबलं.

दोन महिन्यांनी लाखांदूरला तालुक्याची मोठी बैठक होती. आईसोबत मीही गेले. मॅडमनीच म्हटलं होतं, मुलीला आणा, बाकीच्या बीटलाही शिकवेल. मी इस्त्रीचा ड्रेस घातला होता. चहाच्या वेळी दुसऱ्या बीटच्या एक लताबाई आमच्या बाकड्यावर येऊन बसल्या. त्यांचा फोन उघडाच, काच तडकलेली, जिथे तिथे चिकटपट्टी. त्या आमच्या कव्हरांकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या बीटचे फोन तं लगनाले निघाल्यासारखे दिसते बाप्पा. आमचा पाहा, माह्यासारखाच फुटका." आईने हसून विचारलं, "तुमचे मिरचीवर गेले नाही का पोट्टे?"

"गेले न. अकरा."

"मंग लाल नाही झाले?"

"काहून होतील? स्थलांतर टाकलं न मी."

मी चहाचा कप खाली ठेवला. "कुठे?"

त्यांनी पोराचं पान उघडलं आणि वर उजव्या कोपऱ्यात, निळ्या पट्टीत, बोट टेकवलं. तीन टिंबं होती, बारीक, फिक्या रंगाची. खाली पाच पर्याय उघडले. दुसराच होता, तात्पुरते स्थलांतर. पहिल्या पानावर ती टिंबं नसतात. पोराचं पान उघडलं की येतात. मी आईच्या गळ्यातला फोन ओढला, नख घालून ताडपत्रीची कड जोरात वर दाबली. कड निबर होती, नखाला रक्त आलं. टिंबं तिथेच होती. इतके महिने कापडाखाली.

आईने बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि मी मधल्या दांडीला धरून उभी राहिले, जागा असूनही. बारव्हा गावाच्या पुढे कुठेतरी ती म्हणाली, "वगळलेली नावं परत येते का?" मी म्हटलं, "येत असतील. बघते." नाही आली. मी पाचही पर्याय, त्यांच्या आतले पर्याय, सगळं चाळलं. एकदा वगळलेलं नाव कुठेच नव्हतं. या वेळी खरंच नव्हतं.

आता जे सांगते ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारी ओट्यावर सगळ्या बायका जमल्या आणि मी म्हटलं, "नवीन अपडेट आलंय. त्यात स्थलांतराचा पर्याय दिलाय, वरच्या कोपऱ्यात. म्हणून कव्हर वरून कापून घ्यायची." माझा आवाज जराही हलला नाही. पुष्पाबाई म्हणाल्या, "म्हणजे तुह्या अर्जानं काम केलं म्हणाचं!" आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. आई माझ्या मागे पाटावर बसली होती, हातात ब्लेड. ती एकेक फोन घेऊन वरची शिवण उसवत होती. कुणीतरी तिला म्हटलं, "बाई, पट्टी जरा मोठीच धरली होती तुम्ही." आई म्हणाली, "हो न. मापच चुकलं माझं." आणि उसवत राहिली. मी तिथे उभी होते. मला बोलता आलं असतं.

होळी झाली आणि घरांची कुलपं उघडायला लागली. दुर्गा आली त्याच्या दुसऱ्याच सकाळी आरोहीला कडेवर घेऊन अंगणवाडीत आली, आहाराची पाकिटं न्यायला. पोरगी उन्हाने काळवंडली होती आणि डोकं तेवढं मोठं दिसत होतं. मी तिथेच होते. नवीन नावं भरायला आई मला बसवायची. मदतनीस बाईने आधीच दुर्गाला काय सांगितलं होतं कोण जाणे.

"बाई, माह्या पोरीचं नाव कापलं म्हणते. खरं का?"

आई म्हणाली, "कापलं."

"काय म्हणून कापलं?"

आईने माझ्याकडे बघितलं नाही. "कायमचं गाव सोडलं म्हणून."

दुर्गा हसली. तिला ते खरंच विनोदी वाटलं असावं. "कायमचं? बाई, माह्या घराची चावी तं तुमच्या घरी ठेवून गेली होती मी! काल तुमच्याच हातानं घेतली न?"

चावी आमच्या मशीनच्या वरच्या खिळ्याला होती, तीन-चार महिने. तिच्याखाली बसून मी तो अर्ज लिहिला होता.

आईने फोन माझ्याकडे दिला. "भर नवीन." मी फॉर्म उघडला. नाव, आईचं नाव, जन्मतारीख. मग प्रश्न आला: या बालकाची यापूर्वी अंगणवाडीत नोंद होती काय? होय, नाही. मी "होय" दाबलं. त्याने जुना क्रमांक मागितला. जुना क्रमांक नावासोबत गेला होता. रिकामं ठेवून पुढे जाऊ देईना. लाल अक्षरं यायची आणि पान तिथेच अडायचं. आईने कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. ते बंद करायचा हुकूम होता, पण ती गुपचूप लिहीतच होती. दोन वर्षांची आरोहीची वजनं, महिन्याला दोन-दोन, निळ्या शाईत. पण क्रमांक त्यात नव्हता. मी तीन टिंबं उघडली. धरून दाबलं. सरकवलं. ओढलं. जगातल्या सगळ्या लपलेल्या जागा मला आता ठाऊक झाल्या होत्या आणि तिथे काही नव्हतं.

"'नाही' टाकावं लागेल," मी म्हटलं. "तरच पुढे जाते."

"नाही कसं?" आईचा आवाज चढला, पोरं गप्प झाली. "दोन वर्षं माह्या झोळीत बसली ही. मी नाही म्हणू? तू म्हण. मी नाही दाबत."

पाकिटं समोर रचून ठेवली होती. नोंद झाल्याशिवाय ती देता येत नव्हती. मी "नाही" दाबलं.

आईने आरोहीला झोळीत बसवलं, काटा स्थिर होईपर्यंत तिच्या पायाजवळ हात धरून उभी राहिली, आणि आकडा सांगितला. मी भरला. मागचं वजन नव्हतं, म्हणून किती घटली ते अॅपला दिसलं नाही. त्याने हिरव्या अक्षरांत लिहिलं, नोंद यशस्वी. आईने रजिस्टर उघडलं, मागचा आकडा बघितला, त्याच्याखाली आजचा लिहिला. मधला फरक बघून तिने ओठ आवळले. मग पाकिटं दुर्गाच्या पुढ्यात सरकवली आणि मला म्हणाली, "आता सांग तिले. काय झालं थे. सारं सांग. मी पोरायले खिचडी वाढते."

मी सांगितलं. कव्हर, खडूची खूण, हेल्पलाइनचा पोरगा, रविवारचा ओटा, अपडेटची थाप, सगळं. दुर्गा चौथी शिकलेली. फोनमधलं तिला किती समजत होतं ते मला कळेना, पण ती एकटक ऐकत होती. आरोही पाकिटाचा कोपरा दाताने फोडायला बघत होती.

"म्हणजे तुले माहीत नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

"नव्हतं."

"मले वाटे, तुले सारंच माहीत असते."

तिने पोरीला कडेवर घेतलं, पाकिटं पदरात बांधली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि वळली. रागाने नाही, एखादी साधी गोष्ट दाखवून द्यावी, तशी बोलली.

"नाही माहीत, तं नाही माहीत म्हणाव न वं, वैशू. आम्ही म्हणतो न."